एअर इंडिया बिल्डिंग आणि आमचं नेरूळचं घर

गेल्या रविवारी बाबांना घेऊन मरीन ड्राइव्हला गेलो होतो. रिटायर झाल्यापासून ते नरिमन पॉइंटकडं फिरकलेच नव्हते. "जन्मभर गेलोय तिकडं, आता काय बघायचं राहिलंय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पण अटल सेतू बघायचा होता, त्या आमिषावर गाडीत बसले. रविवारची सकाळ, रस्ते मोकळे. नेरूळहून निघून तासाभराच्या आत आम्ही समुद्राच्या कट्ट्यावर! बाबांनी घड्याळ बघितलं, काही बोलले नाहीत. मग समोरच्या उंच पांढरट इमारतीकडं बोट करून म्हणाले, "ही बेलापूरला येणार होती."

"एअर इंडिया बिल्डिंग?"

"अरे, ही म्हणजे हीच नव्हे. ही सगळी. ऑफिसं!"

झालं. त्या एका वाक्यामुळं आठवडाभर रात्री जेवणानंतर वाचत बसलो. आपण नवी मुंबईकर पाम बीच रोडचं कौतुक सांगतो, रुंद रस्ते, झाडं वगैरे सांगतो. पण हे शहर मुळात कशासाठी काढलं होतं, हे मला तरी नीट माहीत नव्हतं. (सीबीडी बेलापूर म्हणताना 'सीबीडी'चा अर्थ किती जणांच्या डोक्यात येतो? सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट. शहराचा मुख्य कामधंद्याचा भाग. एवढं मोठं नाव, आणि आपण तिथं जातो ते बहुतेक वेळा सिडकोच्या खिडकीवर कागद द्यायला.) तर आज त्या खाडीपलीकडच्या इमारतीची गोष्ट. तिच्यात आपल्या शहराची गोष्ट आपोआप येते.

आधी इमारतीबद्दल. एअर इंडिया बिल्डिंग पूर्ण झाली १९७४ साली. २३ मजले. आर्किटेक्ट न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्जी या फर्मचे जॉन बर्जी. माथ्यावर एअर इंडियाचा सेंटॉर, म्हणजे धनुष्य ताणलेला अर्धा माणूस अर्धा घोडा. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा. विमान कंपनी १९५३ साली सरकारजमा झाली तरी अध्यक्षपदी जेआरडीच होते, ते १९७८ पर्यंत. त्या काळात एअर इंडियाचा परदेशात दबदबा होता, आणि हे हेडऑफिस म्हणजे त्या दबदब्याचं घर. कंपनीनं जमवलेल्या हजारो चित्रं-शिल्पांचा संग्रहही इथलाच. शेजारी एक्स्प्रेस टॉवर्स आणि ओबेरॉय, दोन्ही त्याच दोन-तीन वर्षांत उभे राहिलेले. इमारतीच्या एका बाजूनं मादाम कामा रोड जातो. त्या रस्त्यानं पाच-सात मिनिटं चाललं की मंत्रालय. हे अंतर लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता इमारतीखालची जमीन. तिथं पूर्वी जमीन नव्हतीच, समुद्र होता. १९२० च्या सुमाराला गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅकबेमध्ये भराव घालायची मोठी योजना निघाली. ११४५ एकर जमीन समुद्रातून काढायची असा बेत होता. खर्च फुगत गेला, काम रखडलं, आणि शेवटी निम्म्याहूनही कमी जमीन हाती आली. लोक त्या योजनेला 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणायला लागले. या सगळ्या व्यवहारातला भ्रष्टाचार उघड्यावर आणला तो खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलानं. एका सरकारी इंजिनिअरनं त्यांच्यावर बदनामीचा खटलाही भरला; नरिमन तो जिंकले. पुढं १९३५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. भराव घालण्याच्या घोटाळ्यावर ज्यांनी आवाज उठवला, त्यांचंच नाव पुढं भराव घातलेल्या जमिनीला मिळालं! स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारनं उरलेल्या भरावातलं काही काम पुन्हा हाती घेतलं आणि ६० आणि ७० च्या दशकांत नरिमन पॉइंटचे प्लॉट भाडेपट्ट्यानं द्यायला सुरुवात झाली. एअर इंडियाचा प्लॉट त्यातलाच. म्हणजे इमारत कंपनीची, पण जमीन राज्य सरकारची. हेही लक्षात ठेवा.

आता जरा दहा वर्षं मागं जाऊ. १९६१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती साधारण साडेएकेचाळीस लाख होती. १९७१ ला ती साठ लाखांच्या घरात गेली. आणि मुंबईचा आकार तर आपल्याला माहीत आहे: उत्तर-दक्षिण पसरलेली चिंचोळी पट्टी. ऑफिसं सगळी दक्षिणेच्या टोकाला, माणसं उत्तरेला ढकलली जाताहेत. सकाळी सगळ्या गाड्या भरून खाली, संध्याकाळी सगळ्या भरून वर. उलट दिशेच्या गाड्या रिकाम्या. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर लोड बॅलन्सिंग शून्य.

हे सरकारलाही दिसत होतं. १९५८ साली स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. त्यांनी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडं वस्ती वसवायची शिफारस केली. पण खरी धडकी भरवणारी कल्पना मांडली ती तिघांनी, १९६५ साली, 'मार्ग' या नियतकालिकात. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, आर्किटेक्ट प्रविणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल. (केम्प्स कॉर्नरचा फ्लायओव्हर ज्यांनी केला तेच शिरीष पटेल. तोही १९६५ चाच.) 'मार्ग'चे संपादक मुल्कराज आनंद यांनी त्या अंकात मुंबईच्या नियोजनालाच जागा दिली होती.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पलीकडच्या किनाऱ्यावर नुसती झोपायची गावं काढून काही होणार नाही. माणसं तिकडं राहतील आणि कामाला इकडंच येतील, म्हणजे पुलावर गर्दी. तिकडं कामच न्यायला पाहिजे. आणि कामाच्या जागा कशा न्यायच्या? खासगी कंपनीला हुकूम सोडता येत नाही. पण शहरातलं सगळ्यात मोठं ऑफिस कुणाचं? सरकारचं. सरकारनं आधी आपलं बूड हलवावं. सचिवालय गेलं की त्याच्यामागं महामंडळं जातील, त्यांच्यामागं बँका, वकील, कॉन्ट्रॅक्टर, टायपिस्ट, खानावळी. पैशाचं उत्तरही त्यांच्याकडं होतं. पलीकडची जमीन सरकारनं शेतीच्या भावानं घ्यायची, शहर वाढेल तशी तिची किंमत वाढेल, त्या वाढीव किमतीतून रस्ते, पाणी, रेल्वे. शहर स्वतःच्या खिशातून उभं राहील.

पुढच्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनंही मुंबईचा भार पलीकडं न्यावा असं सांगितलं. आणि आश्चर्य म्हणजे सरकारनं ऐकलं! १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. सुरुवातीचं भांडवल ३ कोटी ९५ लाख. पहिले एमडी जे. बी. डिसूझा, मुख्य आर्किटेक्ट खुद्द कोरिया. ३४४ चौरस किलोमीटरचा टापू, त्यात ९५ गावं. उद्दिष्ट वीस लाख लोकांचं शहर. १९७३ मध्ये आराखड्याचा मसुदा आला, त्याच वर्षी वाशीचा पहिला पूल सुरू झाला.

आणि १९७४ मध्ये एअर इंडिया बिल्डिंग पूर्ण झाली. :-)

इथं मी वाचताना थांबलो. तारखा पुन्हा तपासल्या. एकाच सरकारनं, एकाच वेळी, एका हातानं 'ऑफिसं पलीकडं न्या' म्हणून शहर काढलं आणि दुसऱ्या हातानं नरिमन पॉइंटला ऑफिसांसाठी प्लॉट दिले. दोन्ही दुकानांचा मालक एकच. एका दुकानात माल लगेच खपतोय, रोख पैसे येताहेत, गिऱ्हाईक रांगेत उभं आहे. दुसऱ्या दुकानाला अजून छप्पर नाही, रस्ता नाही, आणि फायदा मिळायचा तो वीस वर्षांनी. तुम्ही-आम्ही काय केलं असतं?

माझ्या कामातलं उदाहरण देतो. जुनी सिस्टीम बंद करून नवीनवर जायचं ठरतं. नवीन सिस्टीमसाठी टीम नेमली जाते, बजेट मिळतं, लाँचचा केकही कापला जातो. पण जुनी सिस्टीम बंद करायची तारीख कुणी लिहीतच नाही. उलट 'तोवर अडायला नको' म्हणून जुन्याच सर्व्हरला आणखी मेमरी घालतात. मग युजर कशाला हलतील? पाच वर्षांनी बघावं तर दोन्ही चालू, आणि महत्त्वाचा डेटा अजून जुन्यातच.

यातला सगळ्यात गमतीचा तपशील मला सिडकोच्या जाहिरातीच्या तळाशी सापडला. तिथं दोन पत्ते असतात. मुख्य कार्यालय: सिडको भवन, सीबीडी बेलापूर. नोंदणीकृत कार्यालय: 'निर्मल', दुसरा मजला, नरिमन पॉइंट! निर्मल बिल्डिंग एअर इंडिया बिल्डिंगपासून अगदी हाकेच्या अंतरावर आहे. ऑफिसं नरिमन पॉइंटहून हलवण्यासाठी जी संस्था काढली, तिचा कागदावरचा पत्ता नरिमन पॉइंट. आणि आपल्या आयटीवाल्यांसाठी एक ज्यादा माहिती: टीसीएसचा नोंदणीकृत पत्ताही अनेक वर्षं याच निर्मल बिल्डिंगचा नववा मजला होता. एअर इंडिया बिल्डिंगमध्येही त्यांचं ऑफिस होतं. म्हणजे भारतातल्या सॉफ्टवेअर धंद्याचे आणि नवी मुंबईचे, दोघांचेही कागद एका जिन्यावर.

मंत्रालयाचं काय झालं? ते कधी हललंच नाही. १९५५ साली बांधलेल्या सचिवालयाचं १९७५ मध्ये, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 'मंत्रालय' असं नामांतर झालं. पाटी बदलली, जागा तीच. बेलापूरला कोकण भवन झालं, विभागीय आयुक्त आले, कोकण विभागाची कार्यालयं आली. पण जिथं निर्णय होतो, सही होते, मंत्री भेटतो, ते मादाम कामा रोडवरच राहिलं. आणि सहीच्या पाठोपाठ धंदा चालतो. बँकांना, कंपन्यांना, परदेशी पाहुण्यांना मंत्रालयाच्या पाच मिनिटांत राहायचं होतं. नरिमन पॉइंटचा भाव चढत गेला तो उगीच नाही.

बाजार मात्र गेले, हे सांगायला हवं. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार, मग धान्य-मसाले, मग भाजी-फळं, ८० आणि ९० च्या दशकांत हे सगळं वाशी-तुर्भ्याला आलं. व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, पण आले. कारण त्यांचे जुने बाजार त्या जागी बंद झाले. हमाल, माथाडी, ट्रकवाले, त्यांची बिऱ्हाडं, सगळं हललं. पोत्यांना हुकूम लागू झाला, फायलींना झाला नाही.

या सगळ्यात ज्यांनी खरी किंमत दिली त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. ९५ गावांतल्या आगरी-कोळी आणि इतर शेतकऱ्यांची भातशेती, मिठागरं नव्या शहरासाठी घेतली गेली. मोबदला तुटपुंजा. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन पेटलं. १६ आणि १७ तारखेला पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना देण्याची योजना पुढं आली ती या लढ्यातून. त्यांना सांगितलं होतं की इथं मुंबईच्या तोडीचं शहर होणार. त्यांची जमीन गेली तेव्हा नरिमन पॉइंटला नवीन टॉवर उभे राहून दहा वर्षं झाली होती. आपण आज ज्या सोसायट्यांत राहतो त्या त्यांच्या शेतात आहेत, ही गोष्ट आपण फार पटकन विसरतो.

रेल्वेचीही तीच रड. पूल १९७३ चा, पण वाशीला लोकल पोचली ९ मे १९९२ रोजी. मधली एकोणीस वर्षं लोक एसटी आणि बसच्या भरवशावर. रेल्वेनं एकट्यानं खर्च करायला नकार दिला, शेवटी दोन-तृतीयांश खर्च सिडकोनं उचलला तेव्हा रूळ पडले. १९९३ मध्ये गाडी नेरूळ-बेलापूरपर्यंत आली.

आणि त्याच १९९३ मध्ये, १२ मार्चला, शुक्रवारी, एअर इंडिया बिल्डिंगच्या आवारात गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. वेळ दुपारी अडीचच्या सुमाराची. तासभर आधी शेअर बाजाराच्या इमारतीत स्फोट झाला होता. त्या दिवशीच्या साखळी स्फोटांत शहरात २५७ माणसं मेली. त्यातली २० इथं. खालच्या बाजूला असलेलं बँक ऑफ ओमानचं ऑफिस उद्ध्वस्त झालं.

बाबा तेव्हा तिथून दोन इमारती सोडून एका ऑफिसात क्लार्क होते. त्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. कट्ट्यावर बसल्यावर एवढंच म्हणाले की आधी आवाज नाही, काचा आल्या. मग सगळे जिन्यानं खाली आणि चालत व्हीटीकडं. रस्त्यावर कुणी बोलत नव्हतं. तेव्हा ते डोंबिवलीला भाड्यानं राहायचे. रात्री अकराला घरी पोचले. आजीनं त्यांना दारातच धरून ठेवलं होतं म्हणे.

त्यानंतर काही महिने ऑफिसात एकच चर्चा: आता सगळं इथून हलवणार. मंत्रालयच बेलापूरला जाणार म्हणतात, मग आपलं ऑफिस काय इथं राहतंय होय? हेडक्लार्कनं तर छातीठोक सांगितलं, "दोन वर्षं. फार तर तीन." बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, सोसायटीचं कर्ज घेतलं आणि १९९४ मध्ये नेरूळला सिडकोचं घर घेतलं. हिशोब सरळ होता. आज थोडा त्रास, उद्या ऑफिस दोन स्टेशनांवर. दुपारी घरी जेवायला येता येईल असंसुद्धा त्यांनी आईला सांगितलं होतं!

ऑफिस काही आलं नाही. २०१९ मध्ये बाबा रिटायर झाले ते नरिमन पॉइंटहूनच.

नंतर ऑफिसं नरिमन पॉइंटहून हलली, नाही असं नाही. २००० नंतर मोठ्या बँका, कंपन्या खरोखर निघाल्या. पण त्या खाडी ओलांडून आल्या नाहीत, वाटेत वांद्रे-कुर्ला संकुलाला उतरल्या. बीकेसी विकसित केलं एमएमआरडीएनं, म्हणजे पुन्हा सरकारनंच. दुकान नंबर तीन! आणि नवी मुंबईला काय आलं? आपण आलो. महापे, ऐरोली, वाशी स्टेशनवरचा इन्फोटेक पार्क, ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कंपन्यांच्या पट्ट्यात काचेच्या इमारती. मंत्रालय आलं नाही, पण अमेरिकेतल्या क्लायंटची सपोर्ट टीम आली. १९६५ च्या त्या तिघांना हे काही सुचलं नसेल. मी घरापासून पंचवीस मिनिटांत ऑफिसला पोचतो. बाबांना दाखवलेलं स्वप्न माझ्या वाट्याला आलं म्हणायचं, पण ते ज्यांनी दाखवलं त्यांच्यामुळं नव्हे.

इकडं एअर इंडिया बिल्डिंगचे दिवस फिरले. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, तोटा वाढत गेला. २०१३ मध्ये हेडऑफिस दिल्लीला गेलं. म्हणजे ही इमारत रिकामी होऊ शकते हे सिद्ध झालं, फक्त ती बेलापूरसाठी नाही, दिल्लीसाठी झाली. मजले भाड्यानं द्यायला लागले. मग इमारतच विकायची ठरली. २०१८ च्या सुमारास तीन गिऱ्हाइकं पुढं आली: एलआयसी, महाराष्ट्र सरकार आणि जेएनपीटी. तिसरं नाव वाचून मला हसू आलं. न्हावा-शेवाचं बंदर, १९८९ साली मुंबई बंदराचा भार कमी करायला खाडीपलीकडं काढलेलं, तेसुद्धा नरिमन पॉइंटला इमारत घ्यायला निघालं होतं!

सौदा रेंगाळला. जानेवारी २०२२ मध्ये विमान कंपनी टाटांकडं परत गेली, पण इमारत त्यात नव्हती. ती केंद्राच्या ताब्यातल्या वेगळ्या कंपनीकडं राहिली. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं १६०१ कोटी रुपयांना ती घ्यायचं ठरवलं, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. जमीन मुळात राज्याचीच असल्यामुळं मालक म्हणून जी येणी होती, सुमारे ३०० कोटींची, ती राज्यानं सोडून दिली. कशासाठी घेतली? सरकारी ऑफिसांसाठी. मंत्रालयात जागा पुरत नाही म्हणून.

म्हणजे १९६५ ची सूचना होती की सचिवालय पलीकडं न्या, आणि साठेक वर्षांनी निर्णय झाला की सचिवालय मादाम कामा रोडवर आणखी पाच मिनिटं पुढं वाढवा.

यावर चिडून लिहिणं सोपं आहे. मीही आधी तसाच मसुदा लिहिला होता. पण खरं सांगायचं तर सरकारची बाजूही पटते. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, त्यानंतर कितीतरी खाती शहरभर विखुरली. भाडं जातं ते वेगळंच. गडचिरोलीहून, सिंधुदुर्गाहून काम घेऊन आलेला माणूस एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टॅक्सी करून फिरतो. त्याला सगळं पाच मिनिटांत मिळालं तर वाईट काय? आणि मोक्याची इमारत कुणा बिल्डरकडं जाण्यापेक्षा सरकारकडं राहिलेली बरी, असंही म्हणता येईल.

मला खटकतं ते दुसरंच. आठवडाभर वाचून मला असा एकही दिवस सापडला नाही, ज्या दिवशी कुणी म्हणालं, "नवी मुंबईला राजधानी नेण्याची कल्पना आम्ही रद्द करतो." तसं कुणी जाहीर केलं असतं तर लोकांनी त्याप्रमाणं घरं घेतली असती, शेतकऱ्यांनी त्याप्रमाणं भाव मागितला असता. इथं प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचाच होता. प्लॉट द्या, तिजोरीत पैसे येतील. बीकेसी वाढवा, शहराच्या मध्यावर आहे. इमारत घ्या, मंत्रालयाजवळ आहे. एकेक निर्णय सुटा बघितला तर चूक काढता येत नाही. बेरीज मात्र अशी की केंद्र हललं नाही, आणि ते हलेल या भरवशावर लाखो लोकांनी आपली आयुष्यं मांडली.

इंजिनिअर आहे, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. बाबांचा रोजचा प्रवास जाऊन-येऊन तीन तास: नेरूळ ते व्हीटी, पुढं बस किंवा शेअर टॅक्सी, आणि परत. वर्षाचे कामाचे दिवस २७५ धरले. वर्षं २५. झाले २०,६२५ तास. चोवीसनं भागलं तर ८५९ दिवस. म्हणजे झोप-जेवण न धरता सलग दोन वर्षं आणि चार महिने बाबा हार्बर लाइनवर होते. माझ्या शाळेच्या एकाही गॅदरिंगला ते का नव्हते, याचं उत्तर मला या भागाकारात मिळालं. लहानपणी मला वाटायचं त्यांना यायचंच नसतं.

हा आकडा मी त्यांना सांगितला नाही. काय करायचं सांगून?

आता विमानतळ झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडायला लागली. मेट्रो आहे, सेतू आहे. परत एकदा सगळे म्हणताहेत की आता ऑफिसं येणार. माझे तीन मित्र उलव्याला फ्लॅट बघताहेत, याच भरवशावर. मी त्यांना नको म्हणत नाही. फक्त एवढंच सांगतो की जाहिरातीत काय येणार हे वाचण्याआधी जुन्या जागी काय बंद होणार आहे ते विचारा. तारीख असेल तर विश्वास ठेवा.

असो. परत येताना सेतूवर बाबांना इमारतीच्या विक्रीची गोष्ट सांगितली. १६०१ कोटी ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या. थोडा वेळ बाहेर पाण्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे अजून दोन-चार हजार माणसं रोज तिकडंच जाणार."

"हो, बहुतेक."

"राहतात कुठं रे ही माणसं?"

"पनवेल, डोंबिवली, कल्याण... इकडंच."

"मग हार्बरला डबे वाढवायला सांग कुणाला तरी," बाबा म्हणाले, आणि सीट मागं करून डोळे मिटले.